रांजणातली अळी, गटारातली अळी अन ती बीटीआयची पावडर

परभणीकडच्या एका ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलंय की गावात आरोग्य खात्याच्या माणसानं बादलीत कसलीतरी पावडर कालवून गटारात फवारली, विचारलं तर म्हणला ह्यात जिवाणू आहेत, बीटीआय म्हणतात, डासाच्या अळ्या मरतात. तर ती घरच्या रांजणात टाकली तर चालेल का, लेकरांच्या पोटात गेली तर काय, आणि बीटी कपाशीला जशी बोंडअळी सरावली तसे डास पण सरावतीलच ना, मग उपयोग काय.

भाऊ, तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. माझी सव्वीस वर्षं हिवतापाच्या कामात गेली, अर्धी पाठीवर पंप घेऊन अन अर्धी लोकांच्या हौदात टॉर्च मारून अळ्या मोजण्यात, पण हा प्रश्न आमच्या मीटिंगमध्ये कुणी विचारलेला मला आठवत नाही, तो कापूस पिकवणाऱ्या माणसालाच सुचणार. पण त्याचं उत्तर द्यायचं तर आधी अळीच्या पोटात काय घडतं ते सांगावं लागेल, म्हणून जरा धीर धरा.

बीटीआय म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या मातीतल्या जिवाणूचा इस्रायलेन्सिस हा वाण. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात एका साचलेल्या डबक्यात डासाच्या अळ्या मरून पडलेल्या मार्गालिथ आणि गोल्डबर्ग ह्या दोघा शास्त्रज्ञांना दिसल्या, त्यातून त्यांनी हा जिवाणू वेगळा काढला. तुमच्या कपाशीतला बीटी तो पण ह्याच खानदानातला, फक्त चुलत भाऊ. आता ह्या जिवाणूची खोड अशी की खायला कमी पडलं की तो बीज धरून बसतो, आणि बीज धरताना शेजारी प्रथिनाचा एक बारकासा खडा तयार करतो, स्फटिक म्हणा. मारणारा तो खडा आहे, जिवाणू नाही. म्हणजे तुमच्या आरोग्य सेवकानं सांगितलं ते अर्धंच खरं, बीज मेलेलं असलं तरी खडा शाबूत असेल तर अळी मरते, जर्मनीत तर बीज मुद्दाम मारून वापरलेलं आहे.

तो खडा जसाच्या तसा विष नसतो बरं का. हातावर घेतला तर काही नाही, पाण्यात पडला तर तसाच बुडून बसतो. डासाची अळी दिवसभर तोंडाजवळचे केसांचे ब्रश हलवत पाणी गाळत असते, जे बारीक कण येतील ते गिळते, त्यात हा खडा पण जातो. तिच्या आतड्यातलं पाणी मात्र जबरदस्त क्षारयुक्त असतं, पीएच दहाच्या आसपास, आपण धुण्याचा सोडा कालवल्यावर होतं ना जवळपास तसं. त्या सोड्यात खडा विरघळतो, मग अळीचेच पाचक रस त्याला कापून आखूड करतात, आणि आखूड झाल्यावरच तो विषारी होतो. आतड्याच्या पेशींवर ठराविक जागा असतात तिथं जाऊन तो चिकटतो अन भोक पाडतो. भोकातून पाणी आत शिरतं, पेशी भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगते अन फुटते. आतड्याचा अस्तरच फाटला मग अळी काय जगणार.

हे मी डोळ्यानं बघितलंय म्हणून सांगतो. एका शाळेच्या ओट्यावर पोरांना दाखवायला लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या घेतल्या, दोन्हीत शाळेच्याच टाकीतल्या वीस-वीस अळ्या, एकीत चिमटीतून नखाएवढी पावडर. पोरं घोळका करून बसली. पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच नाही, पोरं कंटाळली, मग एक पोरगी म्हणली सर हिचं तोंड बंद झालं. खरंच, तासाभरात अळ्यांचं ते ब्रश हलवणं थांबलं होतं. मग बरणीला टिचकी मारली की साध्या बरणीतल्या अळ्या सपकन खाली पळायच्या आणि पावडरीच्या बरणीतल्या नुसत्या अंग वाकडं करायच्या. दुपारच्या खिचडीपर्यंत त्या तळाला, दुसऱ्या दिवशी सकाळी वीसच्या वीस काळपट पडून मेलेल्या. पण त्याच बरणीत अळ्यांबरोबर दोन कोष (अळीचा डास होण्याआधीची अवस्था) आले होते, स्वल्पविरामासारखे वाकडे, ते मस्त उड्या मारत होते आणि त्यातून डास निघाले पण.

ते दोन कोष लक्षात ठेवा. कोष काही खातच नाही, त्यामुळं त्याला बीटीआय लागूच पडत नाही. चौथ्या म्हणजे शेवटच्या अवस्थेतली अळी पण कोषात जायच्या आधी खाणं सोडते, तिच्यावर पण काम कमी. लोक म्हणतात सर औषध मारलं तरी तिसऱ्या दिवशी डास, अहो ते डास आधीच कोषात बसलेले होते. उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्याकडं अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून एकदा मारून पंधरा दिवस गाव विसरायचं आणि मग फॉगिंगच्या गाडीसाठी आमदाराला फोन लावायचा हे चालत नाही. फॉगिंगनं त्या वेळी उडत असलेले डास पडतात, पाण्यातल्या अळीला धुराचा काही पत्ता लागत नाही.

आता लेकरांचं. आपलं पोट आंबट असतं, अळीचं खारट सोड्याचं. खडा आपल्या पोटात गेला तर त्या आम्लात त्याचं अळीसारखं काही होत नाही, साध्या प्रथिनासारखा पचून जातो, आणि ज्या जागांवर तो चिकटतो त्या आपल्या आतड्यात नाहीतच. मासे, बेडूक, गाई-म्हशी, मधमाश्या, कुणाला त्रास नाही, तुमच्या गावात हौदात गप्पी मासे सोडले असतील तर ते आणि बीटीआय एकत्र नांदतात. त्रास होतो तो डासाच्या सख्ख्या नातलगांना, काळ्या माश्या मरतात आणि डोस जास्त झाला तर ते न चावणारे चिलटासारखे कायरोनोमिड किडे पण. एक बारकावा आमच्या धंद्यातला सांगतो, ह्यातलं सायट नावाचं जे प्रथिन आहे ते प्रयोगशाळेत आधी विरघळवून थेट रक्तपेशींवर टाकलं तर त्या फुटतात, कुणीतरी कुठंतरी हे अर्धवट वाचतं अन घाबरवत सुटतं, पण तोंडावाटे गेलेल्या अख्ख्या खड्याचा त्याच्याशी संबंध नाही. पावडर कालवताना मात्र नाकाला रुमाल बांधा, डोळ्यात जाऊ देऊ नका, ते कुठल्याही बारीक पावडरीला लागू आहे.

मग रांजणात टाकायची का? गटारासाठी आणलेली नाही टाकायची. कारण विषाचं नाही, स्वच्छतेचं आहे. गटारासाठी बनवलेल्या मालात जिवाणू वाढवताना वापरलेला खुराक असतो, पातळ औषधात टिकवायची रसायनं असतात, दुसरे जंतू नसल्याची खात्री त्यात तेवढी कडक नसते. पिण्याच्या पाण्यासाठी वेगळी, तपासलेली दाणेदार औषधं आहेत, जागतिक आरोग्य संघटनेनं पारखलेल्या ३००० आयटीयूच्या दाण्याचा डोस लिटरला १ ते ५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे २०० लिटरच्या ड्रमला फार तर १ ग्रॅम. लेबलवर पिण्याच्या पाण्यासाठी असं स्पष्ट छापलेलं नसेल तर हात लावायचा नाही, दुकानदार काही का म्हणेना. (आयटीयू म्हणजे औषधाची ताकद, ठरलेल्या नमुन्याशी अळ्यांवर तुलना करून काढतात, किलोपेक्षा हा आकडा बघायचा असतो, पण खरेदीच्या कागदावर सगळे किलोच बघतात.)

आणि खरं सांगू का, रांजणाला औषधच लागू नये. आपल्याकडं अडचण अशी की नळाला पाणी चौथ्या, आठव्या, कधी बाराव्या दिवशी येतं, टँकरचा तर नेमच नाही, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा तर लोकांनी पातेल्यापासून परातीपर्यंत जे सापडेल ते भरून ठेवलेलं मी बघितलंय. अशा ठिकाणी बाईला जाऊन सांगायचं की ताई हौद रिकामा करा, ती म्हणते तुम्ही भरून देता का. तिचं बरोबर आहे. म्हणून मी कोरडा दिवस पाळा (म्हणजे आठवड्यातनं एकदा सगळी भांडी रिकामी करा) म्हणून ओरडत नव्हतो, मी म्हणायचो ज्या दिवशी पाणी येणार त्याच्या आदल्या रात्री तळाचं उरलेलं पाणी धुण्या-भांड्याला काढा, आतून काथ्यानं खसाखसा घासा, मग नवं भरा, वर जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधा. घासायचं का, तर डेंगीचा एडिस डास अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटवून ठेवतो, काळी मोहरीच्या भुकटीसारखी, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात. नुसतं पाणी ओतून परत भरलं की पाणी चढतं अन अंडी फुटतात, म्हणजे आपणच पेरणी केली.

मग अबेटिंग? आधी रांजणात आम्ही टेमिफॉस हे अळी मारायचं रसायनच टाकायचो, लोक त्याला अबेटच म्हणतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही असा नियम, तेवढ्यात माणसाला धोका नाही, पण वास येतो, आणि मग आमचा माणूस गल्लीच्या कोपऱ्यावरून वळला की बाया पाणी अंगणात ओतून देतात. रजिस्टरवर घर झालं, प्रत्यक्षात शून्य.

आता गटार. इथं जरा डास ओळखायला पाहिजे. गटारात, संडासाच्या टाकीत, शोषखड्डा भरून वर आलाय तिथं जो डास होतो तो क्युलेक्स, हत्तीरोगवाला, रात्री कानाशी गुणगुणणारा. अळी डोकं खाली करून लटकते. हौद-कूलर-टायरमध्ये एडिस, त्याची अळी तळाशी जाऊन चरते. विहिरीत, नव्या बांधकामाच्या टाकीत हिवतापाचा अॅनाफिलिस, त्याची अळी पाण्याला समांतर पडून वरच्या वर खाते, आणि बीटीआयचा खडा तर काही वेळात खाली बसतो, म्हणून अॅनाफिलिसवर ह्याचा असर लवकर संपतो. गटारात दुसरीच भानगड, घाण एवढी असते की खडे त्या चिखलालाच चिकटतात आणि अळी बाकीचंच खाऊन पोट भरते, म्हणून गढूळ पाण्याला डोस वाढवावा लागतो. वरून आपलं ऊन, उघड्यावर त्याचा जोर आठवडाभर टिकला तरी नशीब.

गटारासाठी ह्याचा एक पाहुणा जिवाणू आहे, लायसिनिबॅसिलस स्फेरिकस, आधी नाव बॅसिलस स्फेरिकस होतं. त्याचं विष दोन तुकड्यांचं, एक तुकडा चिकटायचं काम करतो, दुसरा मारायचं, दोन्ही एकत्र लागतात. क्युलेक्सवर एक नंबर, घाण पाण्यात टिकतो आणि मेलेल्या अळीत परत वाढतो सुद्धा. पण एडिस इजिप्तीवर जवळजवळ काहीच नाही. म्हणजे डेंगीची साथ आली म्हणून कुणी हा घेऊन कूलरमध्ये टाकत बसला तर पैसे पाण्यात, शब्दशः.

आता तुमची कपाशी. बोंडअळी सरावली ह्यात काही गुपित नाही. २००२ ला बीटी कपाशी आली तेव्हा त्यात एकच विष, क्राय १ एसी, २००६ ला दुसरं क्राय २ एबी जोडलं. झाडाच्या पानापानात, बोंडाबोंडात, लावल्यापासून वेचणीपर्यंत रोज तेच विष. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी यायची, बांधाकडनं लावा म्हणायचे, म्हणजे तिथं साध्या अळ्या जगतील आणि सरावलेल्यांशी त्यांची जोडी जमून पुढची पिढी परत कच्ची राहील. ती पुडी किती जणांनी लावली ते तुम्हाला माहिती अन मला पण. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं जे केलं ते आपण सगळ्यांनी बघितलं, उभ्या पिकात ट्रॅक्टर घातले लोकांनी.

बीटीआयचं गणित वेगळं पडतं. त्या एका खड्यात क्राय ४ ए, क्राय ४ बी, क्राय ११ ए आणि ते सायट १ ए अशी चार मुख्य विषं एकत्र आहेत. क्राय जातीची विषं आतड्याच्या ठराविक जागांवर चिकटतात, अळीनं एखादी जागा बदलली तरी दुसरं विष दुसरीकडं चिकटतं. आणि सायटला तर जागाच लागत नाही, ते पेशीच्या चरबीच्या पडद्यातच घुसतं आणि स्वतःच क्राय ११ साठी बसायची खुर्ची बनतं. म्हणजे अळीनं घरातल्या सगळ्या खुर्च्या काढून टाकल्या तरी पाहुणा स्वतःची खुर्ची घेऊनच येतो. प्रयोगशाळेत सायट काढून एकटं क्राय ११ पिढ्यान्‌पिढ्या दिलं तर क्युलेक्स शेकडो पट सरावला, सायट परत घातलं की ते सरावणं बरंच ढेपाळलं. शिवाय हे कपाशीसारखं रोज समोर नसतं, आठवड्याभरात विरतं. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठानं १९८० च्या दशकापासून हेच मारतायत आणि तिथला डास अजून सरावलेला सापडला नाही. पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या काळ्या माश्या टेमिफॉसला सरावल्या तेव्हा पण ह्यालाच पुढं केलं होतं.

पण तुमची भीती स्फेरिकसच्या बाबतीत शंभर टक्के खरी. त्याचं विष दोन तुकड्यांचं असलं तरी चिकटायची जागा एकच. ती बदलली की खेळ खलास. केरळात कोचीला १९९० च्या दशकात क्युलेक्स ह्याला सरावल्याचं दिसलं, फ्रान्स, ब्राझील, चीनमध्ये पण. म्हणून शहाणी माणसं स्फेरिकस सलग मारत नाहीत, मध्ये मध्ये बीटीआय घालतात किंवा दोन्ही मिळून वापरतात.

एक खबरदारी शेतकऱ्यांसाठी. कृषी केंद्रात तुरी-हरभऱ्याच्या घाटे अळीसाठी बीटी पावडर मिळते ती वेगळी, तिचा वाण कुर्स्टाकी. बीटी बीटी सगळं एकच म्हणून ती हौदात टाकणारे मला भेटलेत, डासाच्या अळीवर तिचा भरवसा नाही. आणि उलट तीच पावडर तुतीच्या बागेजवळ मारली तर रेशमाचे किडे मरतील, बीड-जालन्याकडं आता कितीतरी जणांनी रेशीम केलंय त्यांनी नीट ऐका. गंमत म्हणजे हा जिवाणू जगात पहिल्यांदा सापडला तोच जपानमध्ये, १९०१ ला, मरणाऱ्या रेशीमकिड्यात. थुरिंजिएन्सिस हे नाव नंतर जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतावरून पडलं.

आणि औषध लागूच पडलं नाही असा अनुभव असेल तर लगेच डास सरावले म्हणू नका, आधी डबा कुठं ठेवला होता ते विचारा. एका तालुक्याला (नाव नको) मार्चमध्ये पातळ बीटीआयचे कॅन आले, पत्र्याच्या खोलीत रचले, बाहेर ४३ डिग्री म्हणजे आत काय असेल विचार करा, आणि उघडले थेट जूनला, पहिला पाऊस झाल्यावर. प्रथिन आहे ते, अंड्यासारखं, उष्णतेनं कामातून जातं. कॅन उघडला तर सडक्या दह्यासारखा वास अन तळाला गाळ. तरी फवारलं, अहवालात फवारणी पूर्ण. मी दुसऱ्या दिवशी त्याच गटारातून डिपर भरून पाणी काढलं तर अळ्या लग्नाच्या वरातीत नाचावं तशा नाचत होत्या. साहेब म्हणले प्रतिकारशक्ती आलीय, वर कळवू. मी म्हणलं साहेब, आधी ताजा डबा मागवून बघू. दोन आठवड्यांनी ताजा माल आला, त्याच गटारात मारला, अळ्या गपगार.

तुमच्या गावचं म्हणाल तर ग्रामपंचायतीनं दोन कामं करा. गटार वाहतं ठेवा किंवा शोषखड्डे घ्या, नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे करून उघडं गटारच ठेवलं नाही, मग बीटीआय मारायचं कुठं हाच प्रश्न. संडासाच्या व्हेंट पाइपला वरून बारीक जाळी बांधा, दहा-वीस रुपयाचं काम आहे पण टाकीतले क्युलेक्स तिथूनच निघतात. कडेनं पांढरी पावडर भुरभुरत जाणं बंद करा, ते फोटोसाठी ठीक आहे. आणि बीटीआय मारणार त्या दिवशी त्याच पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ओतू नका.

पुढच्या वेळी तो माणूस फवारायला आला की त्याला चहा पाजा, डब्यावरची तारीख अन आयटीयू बघून घ्या आणि फवारायच्या आधीच त्या गटारातल्या मध्यम आकाराच्या दहा-पंधरा अळ्या त्याच पाण्यासकट दोन बरण्यांत काढून ठेवा, कोष वगळून. एका बरणीत त्याच्या बादलीतलं थोडं औषध टाका, दुसरी तशीच ठेवा, दोन्ही सावलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाच्या बरणीत अळ्या वळवळताना दिसल्या तर मला डब्याचा बॅच नंबर पाठवा, मेलेल्या असतील पण गटारातल्या जिवंत असतील तर डोस कमी पडलाय, आणि दोन्ही बरण्यांतल्या मेल्या तर तुमच्या गटारात कुणीतरी आधीच दुसरं काही ओतलेलं आहे, ते कोण ते तुम्हालाच शोधावं लागेल.